मालकी चर्चची, शाळा गावाची

दर शुक्रवारी दुपारी लेकीच्या शाळेचा निरोप मोबाइलवर येतो. या वेळचा बराच लांब होता. कॅथलिक शाळा सप्ताहात आजी-आजोबांचा दिवस. 1 फेब्रुवारीला सेंट ब्रिजिडचा सण, त्यासाठी लव्हाळ्याचे क्रूस विणायचेत. कुणाच्या शेतात लव्हाळी असतील तर उपटून आणावीत, कापू नयेत. मग पालक संघाची केकविक्री. 1 ते 17 मार्च आयरिश भाषेचा उत्सव. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दानासाठी पुठ्ठ्याची छोटी पेटी प्रत्येक घरी येईल. मे महिन्यात दुसरीच्या मुलांचा पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे चर्चमधला प्रसाद पहिल्यांदा घेण्याचा विधी. (वसईतले आपले मराठी कॅथलिक वापरतात तोच शब्द मी वापरते, इथे सगळे 'फर्स्ट कम्युनियन' म्हणतात.) आणि सगळ्यात खाली, हॉलमध्ये खुर्च्या लावायला सहा माणसं हवीत.

त्याच संध्याकाळी चुलतबहिणीचा फोन आला. ती गावाकडच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. पट चौदावर आलाय, ही मुलं मोठ्या शाळेत हलवायची चर्चा पुन्हा सुरू झालीय, असं सांगत होती. "तू तिकडे चांगल्या शाळा बघतेस, तूच सांग काय करायचं," म्हणाली. फोनवर मला नीट काही सांगता आलं नाही, ते इथे लिहिते आहे.

आम्ही आयर्लंडमध्ये राहतो, डब्लिनपासून तासाभराच्या अंतरावर. लेकीच्या शाळेत नव्वदेक मुलं आणि चार शिक्षक. शाळेत प्रवेशाची दोन बालवर्ष आणि पुढे पहिली ते सहावी असे आठ वर्ग, म्हणजे प्रत्येक शिक्षकाकडे दोन. आपल्याकडे ज्याला जोडवर्ग म्हणतात आणि जो ऐकताच पालकांच्या कपाळावर आठी पडते, तीच व्यवस्था. इथल्या गावांत ती इतकी सवयीची आहे की कुणी तिच्याबद्दल बोलत नाही.

मुलीला कॅथलिक शाळेत घातलं हे कळल्यावर घरी सगळ्यांना आनंद झाला होता. 'कॉन्व्हेंटमध्ये घातलं' असा त्यांनी अर्थ घेतला. मराठीत कॉन्व्हेंट हा शब्द धर्मापासून कधीच सुटला. त्याचा अर्थ इंग्रजी, शिस्त, टाय आणि फी. इथे तसं काही नाही. आयर्लंडमधल्या प्राथमिक शाळांपैकी दहात जवळजवळ नऊ कॅथलिक आहेत. कॅथलिक शाळा म्हणजे चालत जाता येईल अशी गावातली साधी सरकारमान्य शाळा. शिक्षकांचा पगार सरकार देतं, अभ्यासक्रम सरकारचा, 2023 पासून प्राथमिकची पुस्तकंही मोफत. मात्र इमारत आणि जमीन बहुतेक ठिकाणी चर्चच्या हाती, आणि शाळेचा आश्रयदाता त्या भागाचा बिशप.

ही रचना कशी झाली हे मला इथे आल्यावर कळलं आणि फार आश्चर्य वाटलं. 1831 मध्ये इथली राष्ट्रीय शाळांची योजना सुरू झाली तेव्हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलांनी एका वर्गात शिकावं आणि धर्मशिक्षण वेगळं घ्यावं, असाच हेतू होता. एकोणिसावं शतक संपेपर्यंत त्या शाळा एकेका पंथाच्या होऊन गेल्या. आता सरकारला 2030 पर्यंत 400 बहुधर्मीय, म्हणजे कुठल्याही एका पंथाच्या नसलेल्या, शाळा हव्या आहेत आणि ते लक्ष्य अजून बरंच दूर आहे. इमारत ज्याची, त्याची संमती लागते; गावात शाळा एकच असेल तर तिचं रूप बदलायला गावही लवकर तयार होत नाही.

आता लेकीच्या शाळेत काय चालतं ते सांगते, कारण बहिणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

गेल्या वर्षीच्या आजी-आजोबांच्या दिवशी माझ्या लेकीचं कुणीच येणार नव्हतं. चारही आजी-आजोबा सात हजारांहून जास्त किलोमीटरवर. मी बाईंना तसं कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी दार वाजवलं. त्यांना शाळेतून कुणी सांगितलं मला माहीत नाही. "मला नातवंडं ऑस्ट्रेलियात आहेत, मी हिच्याबरोबर जाऊ का?" असं त्यांनी विचारलं. त्या गेल्या, वर्गातल्या त्या बुटक्या खुर्चीवर दोन तास बसल्या, आणि आपण लहान असताना शाळेतली शेकोटी पेटती राहावी म्हणून प्रत्येक मुलाला घरून काखेत टर्फचं, म्हणजे वाळवलेल्या दलदलीच्या मातीचं, ढेकूळ न्यावं लागायचं, हे त्यांनी मुलांना सांगितलं. माझी लेक त्या दिवसापासून त्यांना मराठीत आजी म्हणते. त्यांना तो शब्द फार आवडलाय.

चौथीतल्या एका मुलाचे आजोबा गेले तेव्हा अख्खी शाळा बाहेर आली. अंत्ययात्रा शाळेवरून जायची होती. गणवेशातली मुलं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगेत उभी राहिली, बालवर्गातलीसुद्धा, एक शब्द न बोलता. गाडी हळूहळू त्यांच्यामधून गेली. त्या मुलानं गाडीच्या काचेतून आपल्या वर्गाकडे बघितलं. मी फाटकापाशी उभी होते, मला रडू आवरलं नाही. मृत्यू मुलांपासून लपवायचा नसतो, त्यांना त्यात उभं राहायला जागा द्यायची असते, हे मला त्या रस्त्यावर दिसलं.

केकविक्री, क्रीडादिन, रस्ता ओलांडून देणारं माणूस, बागेतले वाफे, हे सगळं पालकांच्या आणि शेजाऱ्यांच्या अंगावर चालतं. शाळेच्या व्यवस्थापन मंडळावर आठ माणसं असतात: बिशपचे दोन प्रतिनिधी, मुख्याध्यापक, एक शिक्षक, पालकांनी निवडलेली एक आई आणि एक वडील, आणि गावातले दोघं. चार वर्षांची मुदत, मानधन शून्य. आमच्या मंडळावर ट्रॅक्टर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. छप्पर गळलं तेव्हा शिडीवर तेच चढले होते.

आपला कायदा याहून उदार आहे, हे आपण विसरतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. इथल्या आईवडिलांना आठात दोन जागा. माझ्या बहिणीच्या समितीत पालकांचं बहुमत. तरी तिच्या समितीचं रजिस्टर सह्यांसाठी घरोघरी फिरतं, बैठक कागदावरच होते. तिनंच मला हे सांगितलं, आणि सांगताना तिला वाईट वाटत होतं. अधिकार आहे, पण शाळेत जाऊन काही करण्याची पद्धत रुजली नाही. लोकसहभाग म्हटलं की आपल्याकडे रंगरंगोटीसाठी वर्गणी एवढंच डोळ्यांपुढे येतं.

पण या शाळेनं मला दुखावलंही आहे, तेही लिहायला हवं.

2018 च्या कायद्यानं कॅथलिक प्राथमिक शाळांनी बाप्तिस्मा झालेल्या मुलांना प्रवेशात अग्रक्रम देणं बंद झालं. आमच्या मुलीला जागा मिळाली ती त्यामुळे. आयर्लंडच्या 1937 च्या राज्यघटनेत, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत धर्मशिक्षणाला न बसता शिकण्याचा मुलाचा हक्कही लिहिलेला आहे. प्रत्यक्षात तो हक्क वर्गाच्या मागच्या बाकावर बसून चित्र रंगवण्याचा आहे. धर्माच्या तासाला दुसरा शिक्षक नसतो, दुसरी खोली नसते. यंदा लेक दुसरीत आहे. दुसरीचं वर्ष म्हणजे ख्रिस्तप्रसादाची तयारी. गाणी, प्रार्थना, चर्चमधल्या तालमी, मुलींमध्ये पांढऱ्या झग्यांच्या गप्पा. ऑक्टोबरमध्ये एकदा घरी येऊन तिनं विचारलं, "आई, सगळे चर्चमध्ये जातील तेव्हा मी कुठे बसू?" त्या प्रश्नात तक्रार नव्हती, नुसती माहिती हवी होती. मला ती देता आली नाही. कुणी तिच्याशी वाईट वागलं नव्हतं. मागे बसवणाऱ्या बाई प्रेमळ आहेत. तरी रोज अर्धा तास एखादं मूल आपण यातले नाही हे शिकत असेल, तर तोही त्या शाळेच्या अभ्यासक्रमाचा भागच झाला.

तेव्हा मला आपली घटना आठवली. कलम 28 म्हणतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेतही संमतीशिवाय ते कुणावर लादायचं नाही. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि वाडीवस्तीवरच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. कुठल्याही पंथाच्या मालकीची नसलेली, कुठल्याही मुलाला मागच्या बाकावर न बसवणारी, चालत जाण्याच्या अंतरावरची शाळा. आयर्लंड आज सगळा जोर लावून जे मिळवू पाहतंय ते महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत साठ वर्षांपासून उभं आहे. जातीनं तिथे मुलांना मागे बसवलं नाही असं मी म्हणत नाही, बसवलं, आणि ते विसरता येत नाही. पण कागदावर तरी ती शाळा सगळ्यांची आहे आणि त्या कागदाच्या आधारानं भांडता येतं. माझ्या लेकीच्या शाळेत मला विनंती करावी लागते.

आणि नेमक्या त्याच शाळा आपण पटसंख्येच्या हिशोबात मोडायला निघालो. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली तेव्हा राज्यात तशा साडेचौदा हजारांहून अधिक शाळा होत्या आणि त्यांत पावणेदोन लाखांहून जास्त मुलं. त्यांच्यासाठी समूह शाळेचा पर्याय पुढे आला: बसनं मुलं आणा, एका ठिकाणी प्रयोगशाळा, मैदान, प्रत्येक विषयाला शिक्षक. हा युक्तिवाद मी उडवून लावत नाही. पाच मुलांच्या वर्गात खो-खोचा संघ होत नाही, हे खरं आहे. इथेही पट घटला की शिक्षकाचं पद जातं आणि गाव हवालदिल होतं. पण त्या मोठ्या शाळेत माझ्या बहिणीच्या वस्तीतली म्हातारी कशी जाणार? बस चुकलेली सात वर्षांची मुलगी काय करणार, आणि पुढच्या वर्षी तिला घरीच ठेवायचं कारण घरच्यांना आयतं मिळणार नाही का? पहिली ते पाचवीसाठी शाळा एका किलोमीटरच्या आत असावी हा नियम याच भीतीपोटी केला गेला होता.

2025 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्र पहिलीपासूनच्या हिंदीवर पेटला होता. 16 एप्रिलचा शासननिर्णय, जूनमधली दुरुस्ती, 29 जूनला दोन्ही मागे. मला तो विरोध योग्य वाटला, सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये. पण त्या गदारोळात मराठी शाळा बंद पडण्यावर जितकं बोलायला हवं होतं तितकं कुणी बोललं नाही. आयर्लंडनं स्वातंत्र्यानंतर शंभर वर्षं शाळांत आयरिश सक्तीची ठेवली आहे. 2022 च्या जनगणनेत शाळेबाहेर ती रोज बोलणारे बहात्तर हजारांच्या आसपास निघाले, पन्नास लाखांच्या देशात. मार्चमध्ये आमची शाळा आयरिश गाण्यांनी दुमदुमते, मला ते आवडतं, पण फाटकाबाहेर पडताच सगळी मुलं इंग्रजीत बोलतात. ज्या वस्तीत मराठी अजून घरात, ओट्यावर आणि शाळेत एकच आहे, तिथली शाळा राखणं मला कुठल्याही सक्तीपेक्षा मोलाचं वाटतं.

2025 च्या अखेरीस इथल्या सरकारनं प्राथमिकच्या पालकांना विचारलं: शाळा धार्मिक हवी की बहुधर्मीय? तो प्रश्न पाहून मी बराच वेळ बसून राहिले. बहुधर्मीयवर खूण केली तर त्या रस्त्याकडेच्या रांगा, ते लव्हाळ्याचे क्रूस, बुटक्या खुर्चीवरच्या आजी हे सगळं जाईल का, ही भीती होती. मग वाटलं, ट्रॅक्टरवाले गृहस्थ शिडीवर चढले ते बिशपच्या सांगण्यावरून नाही. मी बहुधर्मीयवर खूण केली. शेजारच्या आजींनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी तशी खूण केली नसती. पण तू का केलीस ते मला कळतं."

बहिणीला मी आता एवढंच सुचवलंय. शाळा हलवण्याचा कागद येईल तेव्हा ग्रामसभेत ठराव कराच, पण त्याआधी समितीची एक खरी बैठक शाळेत घ्या, रजिस्टर घरोघरी फिरवू नका. गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी करा आणि एका शनिवारी त्यांना शाळेत बोलवा, त्यांनी मुलांना काहीही सांगावं. तिनं सात नावं पाठवली आहेत. त्यातल्या एक बाई त्याच शाळेच्या पहिल्या तुकडीतल्या आहेत.

इकडे मेमधल्या त्या दिवसाचंही ठरलं. मी मुख्याध्यापकांना जाऊन भेटले, लेकीचा प्रश्न तिच्याच शब्दांत सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, तिला गायला आवडतं का? वर्गातली आणखी तीन मुलं ख्रिस्तप्रसाद घेणार नाहीत, ती चौघं तिसरीच्या मुलांबरोबर गाण्याच्या गटात पुढे उभी राहतील, प्रार्थनेची नसलेली दोन गाणी त्यांची. लेक रोज बाथरूममध्ये सराव करते. चर्चनंतर शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांचा चहा असतो, त्या टेबलामागे यंदा मी आणि नवरा. एकशे चाळीस कप लागतात, कपाटात एकशे बारा आहेत, उरलेले आजी देणार आहेत.