तुकडे ‘कॉपी /बी’ने जोडून मूळ फाइली पुसण्याचा सल्ला पाळू नका

व्हीसीडीच्या काळातले चित्रपट, नाटके आणि लग्नाच्या चित्रफिती दोन-तीन तुकड्यांत असतात. ते तुकडे विंडोजच्या ‘कॉपी /बी’ या आज्ञेने जोडावेत, मूळ फाइली लगेच डिलीट कराव्यात, नावे कशीही ठेवावीत आणि सगळे एमपी४मध्ये बदलून दर्जा वाढवावा, असा मेसेज कौटुंबिक ग्रुपांवर फिरत आहे. माझ्या मामांनी तो प्रमाण मानला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

यातला पहिला सल्ला सर्वांत घातक आहे. ‘कॉपी /बी’ला चित्रपट म्हणजे काय हे कळत नाही, ती एका फाइलचे बाइट संपले की दुसरीचे बाइट चिकटवते, एवढेच. एमपी४ फाइलमध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची यादी असते, एव्हीआय या जुन्या व्हिडिओ प्रकारातही तशी अनुक्रमणिका असते, आणि प्लेअर साधारणपणे पहिल्या तुकड्याची यादी वाचून तिथेच थांबतो. मामांकडच्या लग्नाच्या एमपी४ फाइलचा आकार दोन्ही तुकड्यांच्या बेरजेइतका दिसला, म्हणून त्यांनी मूळ फाइली पुसून रिसायकल बिनही रिकामा केला. प्रत्यक्षात चित्रफीत अंतरपाट दूर होण्याआधीच संपते. सप्तपदी नाही, पाठवणी नाही.

असे कोणाचे झाले असेल, तर ती जोडलेली फाइल कृपा करून पुसू नका. दुसरा तुकडा तिच्यात जसाच्या तसा पडून असतो. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एमपी४साठी ‘एफटीवायपी’ (ftyp) किंवा एव्हीआयसाठी ‘आरआयएफएफ’ (RIFF) ही रोमन अक्षरे शोधावीत. फाइलच्या आरंभीची सोडून ती पुढे जिथे पुन्हा सापडतील, तिथे बहुधा दुसरा तुकडा सुरू होतो. एमपी४मध्ये मात्र काप त्या अक्षरांच्या चार बाइट आधी घ्यावा लागतो. अर्थात हे सर्व फाइलच्या प्रतीवर करावे.

मेसेजमध्ये अर्धे सत्य आहे, हे मान्य करावे लागते. एमपीईजी-१, एमपीईजी-२ प्रोग्रॅम स्ट्रीम आणि डीव्ही यांसारखे व्हिडिओ फाइलींचे मोजके प्रकार नुसते एकापुढे एक ठेवून जोडता येतात, असे एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या साधनाच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतच नमूद आहे. पण तिथे ‘मोजके’ म्हटले आहे आणि त्यांत ना एमपी४ आहे, ना एव्हीआय.

नावे कशीही ठेवली तर चालत नाही. आपल्याकडच्या चित्रपटांचा संग्रह मांडून दाखवणारे कोडी, प्लेक्स आणि जेलीफिन हे प्रोग्रॅम असे तुकडे नावावरूनच ओळखतात: बाकीचे नाव अक्षरशः एकच आणि शेवटी रोमन लिपीत ‘सीडी१’, ‘सीडी२’ (cd1, cd2) किंवा ‘पार्ट१’, ‘पार्ट२’ (part1, part2). ‘पूर्वार्ध’ आणि ‘उत्तरार्ध’ लिहिले, तर दोन वेगळे चित्रपट दिसतात.

दर्जा वाढण्याची गोष्ट तर निखालस खोटी. पाल (भारतातल्या टीव्हीची जुनी पद्धत) व्हीसीडीचे चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे असते. पुन्हा एन्कोड केल्याने, म्हणजे चित्र नव्याने संकुचित करून साठवल्याने, त्यात नवा तपशील येत नाही, उलट असलेला थोडा जातो.

एकच फाइल हवी असणे गैर नाही. प्लेक्सही तुकड्यांची शिफारस करत नाही. त्यासाठी एमकेव्हीटूलनिक्स या व्हिडिओ जोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पहिली फाइल घालून दुसरी ‘अपेंड’ करावी. तुकडे एकाच कोडेकचे (चित्र-आवाज संकुचित करण्याच्या पद्धतीचे) आणि त्यांतली चित्रे एकाच लांबी-रुंदीची असतील, तर पुन्हा एन्कोड न करता ते जोडले जातात. नव्या फाइलचा कालावधी दोन्ही तुकड्यांच्या बेरजेइतका आहे का ते पाहावे, सांध्याच्या अलीकडची-पलीकडची काही मिनिटे आवाजासह तपासावीत आणि तोवर मूळ फाइलींना हात लावू नये.