तक्रार धुराची, की ताटाची?

शनिवारी दुपारी साडेबारा वाजता मी बार्बेक्यूच्या दुकानात रांगेत उभा होतो, तेव्हा धाकट्या भावाचा मेसेज आला. कोल्हापुरात रात्रीचे अकरा वाजलेले. सोबत एका अर्जाचा फोटो. 'दादा, वाच. कॉलनीत लई गाजतंय.'

आमचं घर कळंब्याच्या बाजूला, शहर संपतं आणि ग्रामपंचायत सुरू होते तिथं. कोल्हापूरची महापालिका १९७२ साली झाली आणि हद्दवाढीचा वाद जवळपास तेवढाच जुना. त्यामुळं आमच्याकडं तुंबलेल्या गटारीची तक्रार नेमकी कुणाकडं करायची, यावरही दोन मतं असतात. तर तिथल्या चौकात, पूर्वी पत्रे आणि सिमेंट विकायचे त्या गाळ्यात, दोन पोरांनी बार्बेक्यू रेस्टॉरंट काढलंय. टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांची शेगडी, सळईवर चिकन, पनीर आणि का कोण जाणे, अननस. अर्ज त्याविरुद्ध होता. मुद्दा पहिला: धुरामुळे ज्येष्ठ नागरिक व लहान मुलांना श्वसनाचा त्रास. मुद्दा दुसरा: उघड मांसाहारामुळे सुसंस्कृत वसाहतीचे पावित्र्य भंग होत असल्याबाबत. खाली चाळीसेक सह्या.

हे कोल्हापुरात! २०१९ च्या शेवटी मटणाचा दर किलोला सहाशेच्या घरात गेला म्हणून ज्या गावात आंदोलन झालं, दुकानं बंद राहिली, प्रशासनाला समिती नेमावी लागली, त्या गावात. मी रांगेतच हसलो. पुढच्या बाईंनी वळून बघितलं.

मी राहतो ते मॅडिसन, अलाबामा. हंट्सव्हिल शहराला चिकटलेलं उपनगर. चंद्रावर माणूस घेऊन गेलेलं सॅटर्न रॉकेट ज्या शहरात घडलं ते हंट्सव्हिल. ते जमीन सामील करून घेत घेत आमच्या गावाभोवती पसरलंय, म्हणजे हद्दवाढीनं इथंही पाठ सोडलेली नाही. माझं काम मोटारींच्या कास्टिंगची तपासणी करायचं. वडील, म्हणजे आमचे आप्पा, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फौंड्रीत होते, मी इथं. धंदा तोच, फक्त वातानुकूलित.

आमचं बार्बेक्यूचं दुकान टायरवाला आणि लाँड्री यांच्यामध्ये आहे. बाहेरून बघितलं तर आत जावंसं वाटणार नाही. टेबलावर पेपर टॉवेलचा अख्खा रोल उभा. ताट म्हणजे कागद घातलेला ट्रे. डुकराच्या खांद्याचा मोठा तुकडा हिकरीच्या लाकडावर साधारण ११० अंशांच्या आसपास बारा तास ठेवतात, मग तो हातानं सुटा होतो. त्याबरोबर मक्याच्या पिठात घोळून तळलेली भेंडी, गोड बीन्स, लोणच्यातली काकडी, पांढऱ्या ब्रेडचे दोन साधे तुकडे. भाकरीच्या जागी तो ब्रेड बघून पहिल्या वर्षी मला रडू यायचं बाकी होतं. इथली माणसं सळईवर झटपट भाजण्याला बार्बेक्यू म्हणत नाहीत, त्याला ग्रिल म्हणतात. हा फरक त्यांच्याकडं इतका गंभीर आहे, की चुकून बोललात तर समोरचा 'कुठून आलात' विचारतो.

आणि सॉस. आमच्या घरापासून तीसेक किलोमीटरवर, टेनेसी नदीच्या पलीकडं, डिकेटर नावाचं गाव आहे. तिथं बॉब गिब्सन नावाच्या रेल्वेतल्या माणसानं १९२५ साली बार्बेक्यूचा धंदा सुरू केला आणि मेयोनीज, व्हिनेगर, मिरपूड घालून पांढरा सॉस केला. धुरावर शिजलेली अख्खी कोंबडी त्यात बुचकळून काढायची. बाकी अमेरिकेत सॉस तांबडा, कुठं मोहरीचा पिवळा. पांढरा म्हणजे उत्तर अलाबामा. टेबलावर एक तांबडी बाटली आणि एक पांढरी बाटली शेजारी शेजारी बघितली त्या दिवशी मी बायकोला म्हटलं, हितंच घर घेऊया. चवीचा काही संबंध नाही. आपल्या पांढऱ्या रश्श्याला मटणाचं अळणी सूप, नारळाचं दूध, तीळ, खसखस लागते. पण परक्या गावात माणूस कशालाही धरून राहतो.

तर धूर. दुकानाच्या मागं पूर्वी कापसाचं रान होतं, आता नवी घरं झाली. त्यातल्या एकांनी तक्रार केली होती. मालक काळा माणूस, साठीतला. सगळे त्याला 'कोच' म्हणतात, कारण संध्याकाळी तो पोरांना फुटबॉल शिकवतो. मी फौंड्रीवाला म्हटल्यावर त्यानं मला मागं नेऊन भट्टी दाखवली. म्हणाला, पांढरा जाड धूर निघतोय म्हणजे लाकूड ओलं आहे किंवा आगीला वारा मिळत नाही, आग गुदमरतीय. मांसही कडू होतं आणि शेजारीही चिडतो. धूर पातळ, निळसर दिसला पाहिजे, जवळजवळ न दिसण्याइतका. तक्रार करणाऱ्या बाईंचं बरोबर होतं, लाकूड नीट वाळलेलं नव्हतं, असं तो स्वतःच म्हणाला. नळकांडं उंच केलं, लाकडाला छप्पर घातलं. आप्पा क्यूपोलाच्या, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीच्या, ज्योतीचा रंग बघून हेच सांगायचे, फक्त शिव्या घालून.

म्हणजे धुराच्या तक्रारीला उत्तर असतं. लाकूड, वारा, नळकांडं, वेळ. कोळशावर चरबी ठिबकली की भपका उठतो. त्याला वर हूड आणि चांगला पंखा लागतो, आणि चौकातल्या पोरांनी तो बसवला नसेल तर अर्जातला पहिला मुद्दा शंभर टक्के खरा. मी त्यांच्या बाजूनं बोलणार नाही. घरात दम्याचा माणूस असला की काय होतं ते मला माहीत आहे.

पण दुसऱ्या मुद्द्याला कुठला पंखा बसवायचा?

आमच्या लहानपणी कॉलनीच्या पलीकडं दोन गुऱ्हाळं होती. हंगामात चुलवाणात चिपाड जळायचं, चिमणीतून काजळी उडून वाळत घातलेल्या धोतरावर पडायची. आई वैतागायची, पण अर्ज कुणी केला नाही. गुळाचा वास सगळ्यांना चालत होता. उद्यमनगरच्या धुरावर तर निम्म्या गावाची चूल पेटत होती. त्यामुळं 'धूर' हा शब्द अर्जात पहिल्या क्रमांकावर आणि 'पावित्र्य' दुसऱ्यावर आलं की मी आधी दुसरा क्रमांक वाचतो.

ही सवय मला अलाबामानं लावली. इथून दीडेकशे किलोमीटरवर बर्मिंगहॅमला 'ऑलीज बार्बेक्यू' नावाचं एका कुटुंबाचं दुकान होतं. अगदी आमच्यासारखंच, घरगुती गिऱ्हाइकाचं. छत्तीस माणसं कामाला, त्यातली दोन तृतीयांश काळी. काळ्या गिऱ्हाइकाला मात्र पार्सल मिळायचं, आत बसायला मिळायचं नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा आला तेव्हा मालक कोर्टात गेले. आमचं दुकान गल्लीतलं, आमचा राज्याबाहेरच्या व्यापाराशी संबंध काय, असं म्हणणं. सुप्रीम कोर्टानं हिशेब तपासला: वर्षभरात आणलेल्या मालापैकी ४६ टक्के म्हणजे मांस, आणि ते स्थानिक पुरवठादाराकडं बाहेरच्या राज्यांतून आलेलं. १४ डिसेंबर १९६४ ला एकमतानं निकाल दिला, की कायदा तुम्हालाही लागू. रंगाचा वाद मांसाच्या बिलावर सुटला. कोचच्या दुकानात आज गोरे, काळे, मेक्सिकन, आम्ही देशी, सगळे एकाच रांगेत असतो. त्या रांगेचं वय साठ वर्षांच्या आसपास आहे, हे मी तिथं उभा असताना बऱ्याचदा विसरतो. रविवारी सकाळी चर्चमध्ये मात्र अजून आपापली माणसं आपापल्या ठिकाणी जातात. त्यामुळं इकडं सगळं सुधारलंय असं मी लिहिणार नाही.

आणि आपल्याकडं हा धडा त्याच्या कितीतरी आधी गिरवून झाला होता. भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळेंचं चहाचं हॉटेल. दलिताच्या हातचा चहा कोण पिणार? तर शाहू महाराज तिथं गाडी थांबवून स्वतः चहा प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. शाळेत हे आम्हाला शिकवलं, जयंतीला भाषणं केली. अर्जावर सह्या करणाऱ्यांतल्या किमान तिघांनी माझ्याबरोबर ती भाषणं केली आहेत, एकाला बक्षीसही मिळालं होतं.

आमच्या घरचं सांगतो. आजी माळकरी. घरात मटण शिजायचं नाही, परड्यात शिजायचं, तीन दगडांवर, वेगळ्या पातेल्यात. ती त्याला शिवायची नाही. पण आदल्या रात्री मसाला ती वाटायची, कारण आईचं वाटण तिला पसंत नव्हतं. दुपारी आम्ही अंगणात भुरके मारायचो आणि ती सोप्यात बसून पिठलं-भाकरी खायची, मधूनच ओरडून विचारायची, 'तिखट झालंय का रं?' तिच्या पावित्र्याला आमच्या ताटानं कधी धक्का लागला नाही. पण त्याच परड्याच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असायचा. तो कुणासाठी होता हे मी लहानपणी विचारलं नाही. कळलं तेव्हा आजी राहिली नव्हती. आजीची गोष्ट मी इथं मित्रांना सांगतो. कपाची अजून सांगितलेली नाही.

२०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेनं १५ ऑगस्टला मांसविक्री बंदचा आदेश काढला, आणखी काही महापालिकांत तेच झालं, तेव्हा इथल्या मराठी मंडळींत दोन तट पडले. एक म्हणाला, एक दिवस नाही खाल्लं तर काय बिघडतं. काही बिघडत नाही. आषाढात तुडुंब खाऊन श्रावणात आपण महिनाभर सोडतोच की, आणि ते कुणी आदेश काढून सोडायला लावत नाही. स्वातंत्र्यदिनाला मी काय शिजवावं हे महापालिकेनं सांगावं, यातला विनोद मात्र त्या मित्राला शेवटपर्यंत दिसला नाही.

माझंही सोवळं आहे, ते लपवत नाही. कोचच्या दुकानात सगळ्यात महाग आणि सगळ्यात नावाजलेली वस्तू म्हणजे ब्रिस्केट, गाईगुरांच्या छातीचं मांस. मी खात नाही. तर्क देता येत नाही, तोंडापर्यंत जात नाही एवढंच. सुरुवातीला काउंटरवरच्या मुलीला मी अवघडत विचारलं होतं, सुरी वेगळी वापराल का? तिनं हातमोजे बदलले, सुरी बदलली, फळीवर नवा कागद टाकला आणि म्हणाली, 'पुढं?' कारण विचारलं नाही. मीही शेजारच्या टेबलावरच्या ब्रिस्केटकडं बघून नाक मुरडत नाही. एवढीच व्यवस्था आहे. आजीच्या परड्यात होती तशीच, कप सोडून.

घरी येऊन भावाला फोन लावला. म्हटलं, सह्या कुणाकुणाच्या आहेत?

'दादा, पहिली सही आप्पांची हाय.'

आप्पा. दर रविवारी सकाळी सातला मटणाच्या दुकानापुढं उभे असणारे आप्पा. पस्तीस वर्षं क्यूपोलाच्या तोंडाशी काढलेले, आता दोन वेळा पंप ओढणारे. संध्याकाळी भपका आला की खिडक्या लावून बसतात, असं भाऊ म्हणाला. मी गप्प झालो. मग आप्पा फोनवर आले.

'मी धुरासाठी सही केली. खालचं वाचलंच न्हाई, चष्मा घरात हुता.'

मी दुसरा मुद्दा वाचून दाखवला. पलीकडं बराच वेळ नुसता श्वासाचा आवाज.

चार दिवसांनी त्यांचाच फोन. दुसरी ओळ खोडा, म्हणून सांगून आले होते. अर्ज लिहिणारे म्हणाले, मग परत सगळ्यांच्या सह्या घ्याव्या लागतील. 'म्हटलं, घ्या. मी पयली करतो.' नवा अर्ज अजून टाईप झालेला नाही. पोरांनी हूड बसवतो म्हणून सांगितलंय, तोही अजून आलेला नाही.

मग मी विषय बदलायला पांढऱ्या सॉसचं सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

'आणि खोबरं?'

'खोबरं नसतं, आप्पा.'

'मग पांढरा कसला रं त्यो?' म्हणाले आणि फोन भावाकडं दिला.