शिनाणे परके नाहीत!

आत्याने वेंगुर्ल्याच्या बाजारात शिनाणे, म्हणजे खायचे हिरवे शिंपले, घेणं बंद केलंय. वर्षानुवर्षं जिच्याकडून घेतले, त्या मावशीसमोरून ती परवा मान फिरवून निघून आली. कारण व्हॉट्सॲपवरचा तो मेसेज: हिरवे शिनाणे मूळचे आपले नाहीत, जहाजांना चिकटून आले, जेटीच्या खांबांवर वाढतात हाच पुरावा, गुगलवरही 'आक्रमक परदेशी प्रजाती' लिहिलंय, आणि परदेशी म्हणून विषारी.

गुगलवर लिहिलंय, हे खरं. पण कुठल्या किनाऱ्याबद्दल? फ्लोरिडाच्या! १९९९ मध्ये टँपा उपसागरात ते सापडले, वीजकेंद्रांच्या पाण्याच्या वाटा त्यांनी तुंबवल्या. तिथे ते बाहेरचेच, कारण त्यांचं घर हिंदी महासागर आणि प्रशांतचा पश्चिम भाग, म्हणजे आपलाच किनारा. सासरी बाहेरची म्हटलं म्हणून मुलगी माहेरीही परकी होते का?

जेटीच्या खांबांचं म्हणाल तर, सागरी जीव इथला की आणलेला हे ठरवायला चॅपमन आणि कार्लटन या सागरी जीवशास्त्रज्ञांनी १९९१ मध्येच दहा कसोट्या मांडल्यात. पूर्वी नव्हता तिथे अचानक दिसला का, तिथून पसरत गेला का, माणसाने बांधलेल्या जागांपुरताच आहे का, त्याचे नातलग दुसऱ्याच समुद्रातले आहेत का, अशा. एकीवर निकाल देत नाहीत, सगळ्या मिळून बघतात. तरीही उलगडलं नाही, तर त्या जीवाला 'क्रिप्टोजेनिक', म्हणजे मूळ न ठरलेला, म्हणतात. शिनाण्यांना तेही लागू नाही. ते खांबांवर असतात, तसे गोवा-केरळच्या उघड्या खडकांवरही असतात.

जहाजांमधून शिंपले येतात, एवढं मात्र मान्य करावं लागतं. मायटिलॉप्सिस सॅली हा मध्य अमेरिकेकडचा बारीक शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणमला आढळला आणि पुढे मुंबईच्या गोद्यांतही पोचला. पण तो वेगळा आणि शिनाणा वेगळा. मेसेज लिहिणाऱ्याने दोघांची खिचडी केली.

सगळ्यात घातक आहे तो 'परदेशी म्हणून विषारी' हा भाग. शिनाणे पाणी गाळून खातात. पाण्यात सांडपाणी, जड धातू किंवा विषारी शेवाळ असेल तर ते त्यांच्या मांसात साठतं, मग जात इथली असो वा बाहेरची. शेवाळाचं विष तर उकळूनही जात नाही. म्हणून शिनाणे कुठल्या खडपावरचे, कुठल्या खाडीतले, हे विकणारीला विचारायचं असतं. मेसेजमुळे लोक नेमकं तेच विचारायचं सोडतील.

हे सगळं फोनवर ऐकून आत्या थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आता त्या बायेक काय सांगू?"