हिरव्याचा पिवळा कसा करावा

छोट्या नगरपरिषदेला विकास आराखडा कशासाठी लागतो, हा प्रश्न तुम्हाला पडत असेल तर तुम्ही अजून गावात जागा घेतलेली नाही. पुस्तकी उत्तर सोपं आहे: वेल्डिंगचं दुकान कुणाच्या झोपायच्या खोलीला चिकटू नये, अग्निशमनचा बंब गल्लीत वळावा, शाळेला मैदान मिळावं, नदीला तिची जागा राहावी. हे परीक्षेत लिहा, पूर्ण मार्क मिळतील. व्यवहारात आराखडा म्हणजे गावाचं दरपत्रक. नकाशातला प्रत्येक रंग म्हणजे एक झोन: पिवळा निवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, हिरवा शेती. रस्त्याच्या अलीकडे पिवळा आणि पलीकडे हिरवा असला तर माती तीच, विहिरीचं पाणी तेच, फक्त गुंठ्याचा भाव बदलतो. हिरव्या भावात घ्यायचं, पिवळ्या भावात विकायचं, आणि मधला काळ काढायचा. कायदा तुम्हाला काळ भरपूर देतो.

जागा कुठल्या रंगात येते हे सांगणारा झोन दाखला आणि आराखड्यातला तेवढाच तुकडा दाखवणारा भाग नकाशा खरेदीच्या आधी मागू नका. सातबारा आणि मोजणी नकाशा जोडून अर्ज केला की नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून दोन्ही मिळतात, हीच तर अडचण आहे. कागद हातात आला की तुमच्या गट नंबरावरून आराखड्यातला बारा मीटरचा रस्ता (डीपी रस्ता) जातोय हे कळतं आणि उगाच मन खट्टू होतं. इसार देऊन झाल्यावर काढा.

प्रारूप म्हणजे कच्चा आराखडा प्रसिद्ध झाला की राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात सूचना येते. हरकतींना तीस दिवस मिळतात आणि नकाशा कार्यालयात लावतात. बाकीचं गाव तेव्हा आपापला गट शोधत असतं. तुम्ही रस्ते बघा. वेशीपासून सरळ आलेला रस्ता एखाद्या बंगल्यापाशी अचानक लाजतो, अंग चोरून वळसा घेतो आणि पुढच्या तीन गरीब गटांमधून जाऊन पुन्हा सरळ होतो. त्या बंगल्याशेजारी जागा मिळाली तर डोळे झाकून घ्या. हरकत मात्र सार्वजनिक हिताची लिहा: 'सदर रस्त्यामुळे नागरिकांची गैरसोय होईल.' नियोजन समिती सुनावणी घेते. तिथे 'माझा प्लॉट' हा शब्द काढायचा नाही.

तुमच्या जागेवर बगीच्याचं आरक्षण पडलं, म्हणजे ती बगीच्यासाठी राखून ठेवली, तर रडू नका, हे फिक्स डिपॉझिट आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर तुम्ही खरेदीची नोटीस देऊ शकता. त्यानंतर चोवीस महिन्यांत नगरपरिषदेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द. जिथे पगाराचीच ओढाताण, तिथे बगीच्याला पैसे कुठून येणार? शिवाय नोटीस आवक-जावक रजिस्टरात नोंदली जाते आणि योग्य फाईलमध्ये पोहोचेपर्यंत चोवीस महिने तसेही जातात. मुलं रस्त्यावर क्रिकेट खेळायला शिकली आहेत, त्यांची काळजी नको. आणि एवढा धीर नसेल तर त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदलाचा ठराव करून घ्या. सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेच्या शेवटी, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' यात तो छान बसतो. प्रशासक असेल तर तेवढंही नको, एका सहीत भागतं.

हिरव्या पट्ट्यात प्लॉट पाडण्याची कला वेगळी आहे. चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. रीतसर ले-आउट केला तर ०.४ हेक्टरपासून दहा टक्के खुली जागा सोडावी लागते, वर रस्ते, गटार, बिगरशेतीचा खर्च. एकरात चार गुंठे निव्वळ हवेसाठी! म्हणून मुरमाचे रस्ते टाका, चुन्याने चौकोन आखा, कमान उभारा, कमानीवर देवाचं नाव द्या आणि गुंठा-गुंठा विका. नोटरी करा, नाहीतर सातबाऱ्यावर सगळी नावं 'सामाईक' चढवा. दहा जणांनी एकच सातबारा वाटून घेतला की हद्दीचा वाद अकराव्या पिढीपर्यंत पुरतो. रस्ता किती रुंद ठेवायचा? दोन मोटारसायकली एकमेकींना घासून जातील एवढा. पाइपलाइन आणि गटार पुढे नगरसेवक करतील, तो त्यांच्या जाहीरनाम्याचा भाग आहे, तुमचा नव्हे.

हे बेकायदा आहे म्हणून झोप उडते का? इतिहास वाचा. असे गुंठ्या-गुंठ्याने विकलेले प्लॉट नियमित करणारा गुंठेवारी कायदा २००१ चा. त्यात नियमित होण्याची मुदत १ जानेवारी २००१ पर्यंतच्या भूखंडांना होती. २०२१ मध्ये ती थेट ३१ डिसेंबर २०२० वर आली. ज्यांनी २००१ साली नियम पाळून हप्ते फेडत बिगरशेती प्लॉट घेतला, त्यांना या वीस वर्षांचं व्याज कुणी दिलं नाही. तुम्ही त्यांच्यासारखं करू नका.

बांधकामात तर सरकारनेच हात सैल सोडला आहे. डिसेंबर २०२० च्या बांधकामाच्या एकत्रिकृत नियमावलीत दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला नकाशा आणि पैसे भरल्याची पावती हीच परवानगी. सोय चांगली आहे, म्हणूनच तिचा उपयोग करा. नकाशात सामासिक अंतर, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायची जागा, दाखवा, जागेवर तिथे जिना काढा. पार्किंग दाखवा, मग तिथे शटर लावा आणि मेडिकलला भाड्याने द्या. बांधकाम नकाशाप्रमाणे झालं आणि वापरायला हरकत नाही असं सांगणाऱ्या भोगवटा प्रमाणपत्राच्या नादी लागू नका, घरपट्टी लागली की आपण कायदेशीर झालो असं समजायची रीत आहे. 'या आकारणीमुळे बांधकाम नियमित होत नाही' असं बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं. ते वाचायला चष्मा लागतो, लावू नका.

शेजाऱ्याने तक्रार केलीच तर १९६६ च्याच अधिनियमाच्या कलम ५३ ची, बेकायदा बांधकाम पाडण्याची नोटीस येईल. घाबरून सळया कापायला लागू नका. त्याच कलमात सोय आहे: नोटिशीच्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज टाका. त्याचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीने बांधकामाला धक्का लागत नाही. अर्ज अपुरा द्या. त्रुटीचं पत्र येईल, एक कागद पुरवा, दुसरा राहू द्या. तोवर वरचा स्लॅब भरून होतो. शास्ती म्हणजे दंड लागला तर घरपट्टीच्या दुपटीपर्यंत जाईल, तीही माफ होईल या आशेवर थकवायची असते. निवडणूक दर पाच वर्षांनी येते, मध्ये लांबली तर थोडं जास्त थांबायचं.

नदीकाठ मात्र जपून. जलसंपदा विभागाची निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्याच्या आत वाहनतळ, बाग, स्मशान, ओट्यांची उघडी भाजी मंडई अशाच गोष्टी चालतात. यातली मंडई घ्या. आधी ओटे, मग भाजी उन्हाने सुकते म्हणून पत्रे, मग चोऱ्या होतात म्हणून शटर. नाल्यावर स्लॅब टाकला तर आणखी चार गाळे निघतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा त्याने कुठला रंग विचारला नाही, हे खरं. पण तोवर तुम्ही गाळे विकलेले असणार. ज्यांनी घेतले त्यांचा पंचनामा होईल, चिखलासकट.

सगळं चुकलं, कुणाची सही मिळाली नाही, तरी एक वाट उरतेच. वीस वर्षांनी आराखडा सुधारावा लागतो आणि त्याच्या आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करतात. जागेवर जे दिसेल ते त्यात रंगवतात. तुमचं गोदाम हिरव्यात असलं तरी नकाशात ते गोदामच. पुढचा झोन बऱ्याचदा त्यालाच बघून ठरतो. म्हणून सर्वेक्षणाचे लोक येतील त्या आठवड्यात शटर उघडं ठेवा, बोर्ड पुसा, आत थोडा माल रचा. बांधाकडेची ज्वारी त्याआधी कापून टाका.