मंत्र्यांचा पतंग

भाची पुण्यात स्पॅनिश शिकते. मी परभणीत इंग्रजी शिकवतो, म्हणून तिचा गृहपाठ माझ्या डोक्यावर. संक्रांतीच्या आदल्या दिवशी गच्चीवर पोराच्या मांज्याचा गुंता सोडवत बसलो होतो. बोटाला दोन चिरा पडल्या होत्या, तेवढ्यात फोन.

"मामा, 'द मिनिस्टर इज फ्लाइंग अ काइट.' स्पॅनिशमध्ये काय होईल?"

"मंत्री पतंग उडवायलेत. त्यात काय अवघड?"

"खरा पतंग नाही हो. एखादी कल्पना हळूच सोडून बघायची, लोक बोंबलले की मागे ओढायची, तसलं."

आधी नुसत्या पतंगाचं तर बघू म्हटलं. तिथंच गुंता. स्पेनमध्ये 'ला कोमेता' म्हणजे पतंग आणि 'एल कोमेता' म्हणजे धूमकेतू. लिंग चुकलं की मंत्री थेट धूमकेतू उडवणार. (आमच्या गल्लीत पतंग 'कटला' की 'कटली' यावर अजून भांडणं होतात, पण त्यानं पतंगाचा धूमकेतू होत नाही.) प्वेर्तो रिकोत चिरिंगा. मेक्सिकोत पापालोते, नाहुआत्ल भाषेतल्या फुलपाखराच्या नावावरून. हे पटलं. आपलाही पतंग दिव्यावर झडप घालणारा किडाच की! इंग्रजांनी घारीचं नाव उचललं. अर्जेंटिनात मात्र बार्रिलेते, म्हणजे शब्दशः छोटं पिंप. पिंप उडतं कसं, ते त्यांनाच ठाऊक.

"आणि मंत्र्यांचं?"

"त्याला 'ग्लोबो सोंदा' म्हणतात."

म्हणजे वरची हवा तपासायला सोडतात तो फुगा. पतंगाचा फुगा झाला आणि दोरी गेली. आता मंत्री मागे काय ओढणार?

खालून बायको ओरडली, "अहो, वर काय करायलाव? आज नळ येणार म्हणे! पिंपं आणा खाली!"

आमचा नळ आठ-दहा दिवसांनी दर्शन देतो. मांजा फेकला, दोन पिंपं नळापाशी नेऊन ठेवली. नळ तासभर नुसता फुसफुसला.

"कुणी उठवली ही वावडी?" बायको कडाडली.

वावडी! अहो, वावडी म्हणजे जुन्या मराठीत पतंगच. उडवली तर खेळ, उठवली तर अफवा. इंग्रजीतलं सगळं एका शब्दात बसलं, दोरीसकट. लगेच भाचीला फोन लावला.

"मामा," ती थंडपणे म्हणाली, "मला स्पॅनिशमध्ये पाहिजे."

तिनं फुगा लिहून दिला. माझी दोन्ही बार्रिलेतं नळाखाली रिकामीच.