‘कान तयार नसतील तर…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

लॅपटॉपवरून घरच्या स्टिरिओवर गाणं ऐकायचं तर डॅक (लॅपटॉपमधल्या आकड्यांतून स्टिरिओला चालणारा आवाजाचा संकेत करणारी डबी) कोणता घ्यावा, यावर मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. आठ-दहा हजारांचा धड बनवलेला डॅक पुरतो, उरलेले पैसे स्पीकरवर आणि खोलीवर घाला, असा त्याचा गोषवारा. त्यावर ‘जुनाजाणता’ या टोपणनावाने ही प्रतिक्रिया आली :

“निराशा झाली. दहा हजारांच्या डॅकवर समाधान माना असं सांगणं ही वाचकांची दिशाभूल आहे. कान तयार नसतील तर सगळे डॅक सारखेच वाजणार. चांगल्या आर-टू-आर डॅकवर एकदा तानपुरा ऐका, मग लिहा. हाय-रेझबद्दल रीस यांचं २०१६ चं विश्लेषण वाचलंत का? विंडोजला वेगळा ड्रायव्हर लागतो हेही जुनं झालं. आणि तुलना कोणत्या स्पीकरवर केलीत ते लिहिलेलंच नाही.”

(नव्या वाचकांसाठी : आर-टू-आर म्हणजे आकड्यांचा आवाज रेझिस्टरांच्या शिडीने करणारा डॅक, हाय-रेझ म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाचं रेकॉर्डिंग, आणि रीस यांनी ते कानाला वेगळं कळतं का याच्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला.)

जुनाजाणता, दोन दिवस थांबून पाहिलं. मन शांत झालं की दोन ओळींत उत्तर देऊ म्हटलं होतं. ते झालं नाही, म्हणून हे सविस्तर.

आधी तुमचं बरोबर आहे ते. यूएसबी ऑडिओ क्लास २ (यूएसबीवरून आवाज नेण्याचं एक मानक) च्या डॅकसाठी विंडोजवर कंपनीचा ड्रायव्हर टाकावाच लागतो असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून विंडोज १० मध्ये हा ड्रायव्हर मुळातच असतो. मॅकला आणि लिनक्सला तर त्याच्याही आधीपासून वेगळं काही लागत नव्हतं. माझ्या डोक्यात विंडोज ७ चे दिवस राहिले होते. वाक्य दुरुस्त केलं आहे, आभार. चूक दाखवली की मी ती मान्य करतो, हे इथे नेहमी येणाऱ्यांना माहीत आहे.

आता ते वाक्य. “कान तयार नसतील तर सगळे डॅक सारखेच वाजणार.”

तुम्ही मला कधी भेटलेला नाहीत. माझ्या घरात काय वाजतं, कोण गातं, मी कुठे बसून काय ऐकलं, यातलं काहीही तुम्हाला ठाऊक नाही. तरी माझ्या कानांवर निकाल देऊन मोकळे झालात. माझ्या मुद्द्याला विरोध केला असतात तर मला आनंदच झाला असता. तुम्ही मुद्द्याला हातच लावला नाहीत, माणसाला बाद केलंत. समोर बसून चहा पिताना हे वाक्य तुमच्या तोंडून आलं असतं का, याचा विचार करा.

‘कान तयार होणं’ हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय. आई घरी गाण्याच्या शिकवण्या घ्यायची. नारायण पेठेत दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत दोन तानपुरे, दोन्ही मिरजेहून आणलेले. मुली यायच्या आत ते जुळवून ठेवणं हे नवव्या-दहाव्या वर्षापासून माझं काम. आधी खुंट्या, मग मणी, मग घोडीवर तारेखालचा दोरा केसभर मागेपुढे सरकवत जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, बोलकी करायची. आई आतून पोळ्या लाटता लाटता ओरडायची, “गंधार कुठाय?” खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराची, तार लावलेली असते सा मध्येच, पण ती नीट लागली आणि जवारी उघडली की तिच्यातून गंधार आपसूक ऐकू येतो. स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. तो आल्याशिवाय मला उठायची परवानगी नसे. बाहेर मुलं क्रिकेट खेळत असायची आणि मी तानपुऱ्याला कान लावून बसलेला असायचो.

“तुझा कान अजून तयार व्हायचाय,” असं आईही म्हणायची. मात्र असं म्हणून ती त्या मुलीला जवळ बसवून घ्यायची आणि तोच स्वर पुन्हा पुन्हा लावून दाखवायची. कुणाला गप्प करायला ते शब्द वापरलेले मी आमच्या घरात ऐकले नाहीत. तुमच्या प्रतिक्रियेत ते तसे वाचले आणि खरं सांगतो, वाईट वाटलं.

आणि उदाहरण देता तेही तानपुऱ्याचं! मग तानपुऱ्याचाच हिशेब करू. काळी एक या पट्टीत सा येतो १३८.६ हर्ट्झच्या आसपास, खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९.३. स्वयंभू गंधार हा खर्जाच्या पाचपट, म्हणजे ३४६ हर्ट्झच्या जवळ. पाचपटीवर थांबू नका, चाळीसपटीपर्यंत जा, तरी २,८०० च्या आतच राहता. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झचा दर (सेकंदाला आवाजाच्या ४४,१०० नोंदी) २२ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं पकडतो. जवारीची ती झळाळी, जिच्यासाठी आपण तानपुरा ऐकतो, ती या मर्यादेच्या कितीतरी आत आहे, आणि आजचा दहा हजारांचा डॅक तो पट्टा जसाच्या तसा देतो. सीडीच्या सोळा बिटांत सगळ्यात हळू आवाजापासून सगळ्यात मोठ्यापर्यंत ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. पंखा चालू असलेल्या पुण्यातल्या कुठल्याही दिवाणखान्यात तो पुरून उरतो. महागड्या डॅकने तानपुऱ्यात काही नवीन आणलं असेल, तर ते कुठल्या हर्ट्झवर आणलं ते सांगा. ‘ऐकून बघा’ हे उत्तर नव्हे.

कारण मी ऐकून बघितलेलं आहे. २०१३ साली मी ४५ हजारांचा डॅक घेतला होता. कुणाकडून ते सांगत नाही. “पहिले दोनशे तास वाजू द्या, मग उघडेल,” असं विक्रेता म्हणाला आणि मी विश्वास ठेवला. पहिल्याच रात्री खर्ज भरीव वाटला, गायकाचा श्वास जवळ आल्यासारखा वाटला. भेटेल त्याला मी हे सांगायचो. चारेक महिने असे गेले. माझा मावसभाऊ तपकीर गल्लीत अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा. तो एका रविवारी मल्टिमीटर घेऊन आला. साधा मल्टिमीटर वरच्या फ्रीक्वेन्सीला चुकतो, म्हणून आम्ही १०० हर्ट्झचा सूर लावून दोन्ही डॅकचं आउटपुट मोजलं. जुना नऊ हजारांचा २.० व्होल्ट देत होता, नवा २.४. म्हणजे नवा दीड डेसिबलहून थोडा जास्तच मोठा वाजत होता. एवढा फरक मोठेपणा म्हणून कानाला कळत नाही. तो भरीवपणा म्हणून कळतो, जवळीक म्हणून कळतो. मी चार महिने ज्याचं कौतुक करत होतो ते हे.

मग मधे एक छोटा पोटेन्शियोमीटर घालून दोन्हींची पातळी सारखी केली, अदलाबदलीचा स्विच माझ्या पाठीमागे ठेवला. वीस वेळा विचारलं, माझी अकरा उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी दहाच्या आसपास आलीच असती. त्यानंतर आईला बसवलं. वयाच्या पासष्टीतही तिला एका श्रुतीचा फरक खुपायचा, हार्मोनियमवर बसवलेला गंधार तिला सहन व्हायचा नाही. तिने तीन-चार वेळा अदलाबदल ऐकली आणि विचारलं, “तू बदललंस काय?” तिच्याही कानांबद्दल तुम्हाला काही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून टाका.

तयार कान स्वर लागला की नाही ते सांगतो. पातळीतला दीड डेसिबल त्यालाही फसवतो, कारण ऐकणारा माणूसच असतो आणि ४५ हजार त्याच्याच खिशातून गेलेले असतात. मी आठ-दहा हजारांचा आकडा लिहिला तो या अनुभवावरून. दिशाभूल म्हणायचं असेल तर त्या दोनशे तासांच्या सल्ल्याला म्हणा. ऐपत नसताना हप्त्यांवर डॅक घेणारी मुलं मला रोज लिहितात. बहुतेकांच्या घरी स्पीकर भिंतीला चिकटवून ठेवलेले असतात, खाली गुळगुळीत फरशी, समोर काच, आणि घूं-घूं करणारा बास. अशा खोलीत सतरंजी, जाड पडदे आणि स्पीकर दोन फूट पुढे, एवढं केलं तरी जो बदल होतो तो दोन लाखांच्या डॅकनेही होणार नाही.

डॅकमुळे घरात प्रत्यक्ष कुठे अडतं हे लेखात सगळ्यात लांब लिहिलं होतं, आणि त्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही. अडतं ते खरखरीपाशी. लॅपटॉपचा चार्जर थ्री-पिन, अ‍ॅम्प्लिफायर थ्री-पिन, मधे यूएसबी आणि मग आरसीए केबल. अर्थिंगचं वेटोळं पूर्ण होतं आणि स्पीकरमधून गुणगुण सुरू होते. माऊस हलवला की त्यात किरकिर मिसळते. चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज थांबला तर कारण हेच. टू-पिन चार्जरवरही आराम नाही, त्याच्या गळतीने धातूच्या लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात आणि तोच करंट केबलमधून अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो. यावर महाग डॅक हा उपाय नाही. ऑप्टिकल इनपुट असलेला डॅक हा उपाय आहे, कारण काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. बऱ्याच डेस्कटॉप मदरबोर्डला ऑप्टिकल आउटपुट असतं. लॅपटॉपला नसेल तर यूएसबीवरून ऑप्टिकल करणारी छोटी डबी मिळते. ऑप्टिकलवर २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंत निश्चिंत राहावं, त्यापुढे उपकरणावर अवलंबून. आणि कुणीही सांगितलं तरी प्लगची अर्थिंगची पिन तोडू नका. एका वाचकाने ते केलं होतं. त्याला मी ज्या भाषेत लिहिलं ती इथे देत नाही.

म्हणून माझा क्रम असा आहे: आधी इनपुट बघा, मग आउटपुट दोन व्होल्टच्या आसपास आहे का ते बघा, मग यूएसबी असिंक्रोनस आहे का, म्हणजे वेळ डॅकचं स्वतःचं घड्याळ ठरवतं की कॉम्प्युटर, ते बघा. आता बहुतेक सगळे असिंक्रोनसच असतात. चिप कोणत्या कंपनीची हे सगळ्यात शेवटी. विंडोजवर गाणं ४४.१ चं असताना मिक्सर ४८ ला लावलेला असतो, ते आधी बघा किंवा प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह निवडा, म्हणजे मिक्सर टाळून गाणं थेट डॅककडे जातं. फुकट आहे.

रीस यांचं विश्लेषण वाचलंय. अठरा प्रयोग एकत्र करून ५२.३ टक्के बरोबर उत्तरं. प्रशिक्षण दिलेल्यांत प्रमाण वाढतं, हेही त्यात आहे, मी लपवत नाही. पण तो अभ्यास हाय-रेझ आणि सीडी दर्जा यांच्यातला आहे, दहा हजारांच्या आणि दोन लाखांच्या डॅकमधला नाही. मेयर आणि मोरान यांच्या २००७ च्या प्रयोगात एसएसीडीच्या (सीडीहून वरच्या दर्जाच्या तबकडीच्या) वाटेत सीडी दर्जाचा टप्पा घातला होता, आणि ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली. तो तुम्ही वाचलात का, असं मी विचारत नाही.

आर-टू-आरबद्दल एवढंच की सोळा बिटांच्या त्या शिडीत सगळ्यात वरच्या बिटाचा रेझिस्टर ६५,५३६ मध्ये एका भागाइतका अचूक लागतो. तेवढं जमलं नाही की डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) आधी हळू आवाजातल्या स्वरांत शिरतं. तो आवाज तुम्हाला आवडत असेल तर जरूर ऐका, पैसे तुमचे आहेत. त्याला नैसर्गिक म्हणू नका.

राहिले स्पीकर. ते लिहिलं नाही कारण ब्रँडचं नाव आलं की पुढच्या पन्नास प्रतिक्रिया फक्त त्यावर येतात. विचारलंत म्हणून सांगतो : साडेसहा इंची वूफरचे टू-वे बुकशेल्फ, स्टँडवर, मागच्या भिंतीपासून सव्वादोन फूट. खोली दहा बाय बारा, खाली जाजम, पंखा बंद. २०१३ मध्येही हेच होते आणि मागच्या महिन्यातल्या तुलनेलाही हेच.