क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा?

एखादा भीषण गुन्हा घडला की ‘फाशी द्या’ ही मागणी सर्वत्र उसळते आणि शिक्षेच्या उद्देशाविषयी बोलू पाहणारा गुन्हेगाराचा कैवारी ठरतो. अशा वेळी मला सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर आठवते. १९३९ साली औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने, तेथे उंच भिंती नसलेली कैद्यांची वसाहत वसवली. खुनासारख्या गुन्ह्यांतील कैदी तेथे शेती करू लागले आणि कुटुंबासह राहू लागले. एका लहानशा संस्थानाने त्या काळात हे धाडस करावे, याचे मला आजही अप्रूप वाटते. कुलूप नसताना पळून न जाणे, ही स्वतःवर रोज घालून घ्यावी लागणारी शिस्त आहे. तिला सवलत म्हणणे मला पटत नाही.

तरीही स्वतंत्रपूर म्हणजे क्षमा नाही. तेथील माणूस शिक्षाच भोगत असतो. शासन त्याच्या परतीची वाट तेवढी मोकळी ठेवते. क्षमा करायची की नाही, हे ज्याच्यावर घाव झाला त्यानेच ठरवायचे असते, आणि त्याने ती नाकारली तर त्याला कठोर म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने बिल्किस बानो प्रकरणातील, म्हणजे २००२ च्या दंगलीतील सामूहिक बलात्कार आणि खुनांच्या खटल्यातील, ११ जन्मठेपेच्या कैद्यांना मुदतीपूर्वी सोडले, तेव्हा हीच मर्यादा ओलांडली गेली, असे माझे ठाम मत आहे. खटला मुंबईत चालला असल्याने तो अधिकार गुजरातचा नव्हताच, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती सुटका रद्द केली. पण त्यासाठी बिल्किस यांना पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली.

मुदतपूर्व सुटकेचा विचार करताना पीडिताचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक असावे. त्याच्या संमतीवर सुटका अवलंबून ठेवू नये, कारण तो भार त्याच्यावर टाकणे हाही अन्यायच ठरेल. मात्र त्याला वर्तमानपत्रातून कळावे, हे अजिबात चालणार नाही. कैद्याला श्रमाचे रास्त वेतन मिळावे आणि त्यातील काही वाटा पीडितांसाठी राखून ठेवावा, ही दिशा सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालीच दाखवली होती. स्वतंत्रपुरात राबणाऱ्या हातांची कमाई घाव सोसलेल्या घरापर्यंत पोहोचावी, एवढी व्यवस्था आपल्या राज्याने मनापासून उभी करायला हवी.